अकरा डबे

माझ्या वेबपानावर दोन चौकोन आहेत,
एक भाजीच्या डब्यांचा, एक माशांच्या.
मिस्टर पोलार्डनी दोन्हींत एकेक लिहिलं
आणि माझ्याच स्क्रिप्टने मला कळवलं:
एकूण अकरा. बिल सहासष्ट पौंड.

म्हटलं, लेकी आल्या असतील नॉटिंगहॅमहून, पोराबाळांसकट.
पहाटे पाचला उठून बांगडे साफ केले
(फिशवाला त्याला मॅकरेल म्हणतो, म्हणू दे),
सहा डबे भाजीचे, पाच माशांचे, अंदाजानेच,
कारण कुठले किती हे कळवणारी ओळ
मी अजून लिहिलेलीच नव्हती.

मँचेस्टर रोडवरून चाकांची पिशवी ओढत गेले.
दार उघडलं. आत एकच खुर्ची, एकच दिवा.
ते पिशवीकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे.
दोन डबे घेतले, बारा पौंड मोजून दिले,
आणि चूक जणू त्यांचीच
असं तीनदा सॉरी म्हणाले.

अकरातून दोन गेले, नऊ.
गल्लीत ओळखीची घरं चार.
दोन कुलासोंकडे, दोन त्या पोलिश नर्सकडे,
दोन जुळ्यांच्या आईला, दोन गॅरेजवाल्याला.
कुणी का म्हणून विचारलं नाही.

उरलेला डबा घेऊन लायब्ररीत गेले,
जिथे दर मंगळवारी कीरन आम्हा सात जणांना कोड शिकवतो.
वय तेवीस. शर्टाची बटणं नेहमी एक घर चुकलेली.
त्याने ओळ वाचली आणि अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं.

म्हणाला, चौकोनात लिहिलेला एक हा एक नसतोच,
अवतरणचिन्हांत बसलेलं अक्षर असतं ते.
अधिकला दोन कामं येतात. आकडे दिले तर बेरीज करतो,
अक्षरं दिली तर चिकटवतो.
म्हणजे हातचा वगैरे काही नाही,
एकाशेजारी एक, बाकावर बसवल्यासारखे.

मग सहासष्ट कसे बरोबर आले?
गुणाकाराला चिकटवणं येत नाही, म्हणाला,
तो अक्षराला आधी आकडा करतो, मग गुणतो.
(इथे गुणाकाराची खूण फुली नाही, चांदणी.
भागाकार म्हणजे तिरकी काठी.
आणि शेकड्याची खूण शेकडा सांगतच नाही,
भागून काय उरलं तेवढं सांगते.)

कराडला टेंबे मास्तर म्हणायचे,
एकाने गुणून काही बदलत नाही, वेळ घालवू नका.
मी पहिल्या चौकोनाला एकाने गुणलं.
दुसऱ्यालाही.
मग अधिक.
दोन.
छप्पन्न वर्षं मी त्या एकाला बिनकामाचा समजत होते.

कीरन बांगडा खात खात म्हणाला, आता गंमत बघा,
आणि पॉइंट एकमध्ये पॉइंट दोन मिळवले.
उत्तर: पॉइंट तीन,
त्यापुढे पंधरा शून्यं
आणि अगदी टोकाला एक चार.
मी पावकी, निमकी, पाउणकी तोंडपाठ केलेली बाई,
छडी लागेल म्हणून हात मागे घेतला.
हे असंच असतं, तो म्हणाला, पैसे पेन्समध्येच मोजा.
तेलकट बोटाने त्याने स्क्रीनवर तो चार दाखवला,
आणि डाग अजून तिथेच आहे.

रविवारी शकूचा फोन. हे सगळं तिला सांगितलं,
अवतरणचिन्हं, चांदणी, पोलार्डची खुर्ची.
ती हूं हूं करत होती, मागे कुकरच्या शिट्ट्या.
आता ते दर शुक्रवारी एकच डबा मागवतात, म्हटलं,
आणि दुसरा चौकोन रिकामा ठेवतात.
रिकाम्याला एकाने गुणलं की शून्य येतं,
तेही आपोआप जमतं.

बरं, ती म्हणाली, नेहमीसारखीच,
बाकी काय?

नऊ भागिले चार, म्हटलं.
बाकी एक.
तो कीरनने खाल्ला.